सोसायटीचे कागद गुगल ड्राइव्हमध्ये कसे लावायचे: फोल्डर बनवण्यापासून चार्ज देण्यापर्यंत

आमची ठाण्यातली ४० फ्लॅटची सोसायटी, ए आणि बी दोन विंग. मी सेक्रेटरी झाले तेव्हा चार्ज म्हणून मला मिळालं ते म्हणजे लोखंडी कपाटाची एक किल्ली, तीन प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि एक पेनड्राइव्ह. पेनड्राइव्हमध्ये एक फोल्डर होता ‘सोसायटी’, त्यात ‘जुना डेटा’, त्यात ‘मिसलेनियस’, त्यात ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर २’, ‘न्यू फोल्डर ३’. त्यानंतर दोन महिन्यांतच तिसऱ्या मजल्यावरचे काका अचानक गेले आणि काकू फ्लॅट नावावर करायला आल्या, म्हणाल्या ह्यांनी नॉमिनेशन भरलं होतं, मला चांगलं आठवतंय, तेवढं बघून सांग गं. मला ते सापडायला तीन आठवडे लागले. ‘न्यू फोल्डर ३’ मध्ये ‘स्कॅन००४७’ नावाची पीडीएफ होती, चार पानांची, पहिल्या दोन पानांवर पाण्याच्या टाकीच्या सफाईचं कोटेशन आणि तिसऱ्या पानावर काकांचं नॉमिनेशन. त्या तीन आठवड्यांत काकू चार वेळा जिना चढून आल्या, दर वेळी मी सांगायचे अजून शोधतेय. ते मला अजून टोचतं, म्हणून हे सगळं नीट लिहून काढतेय, म्हणजे दुसऱ्या कुठल्या सोसायटीत कुणा काकूंना असं थांबावं लागू नये.

मी गुगल ड्राइव्ह वापरते कारण ते फुकट आहे आणि कमिटीतल्या सगळ्यांच्या मोबाईलवर आधीपासून असतं, पण फोल्डर कसे पाडायचे आणि नावं कशी द्यायची हे वनड्राइव्हला किंवा दुसऱ्या कुठल्याही सिस्टिमला तसंच लागू पडेल.

आधी अकाऊंट, मग फोल्डर

पहिलं काम म्हणजे सोसायटीच्या नावाने वेगळा जीमेल आयडी काढा. सेक्रेटरीच्या खासगी आयडीवर सोसायटीचे कागद ठेवायचेच नाहीत, सेक्रेटरी कितीही भला असला तरी. ड्राइव्हमध्ये ज्याने फाइल अपलोड केली तो त्या फाइलचा मालक असतो, फोल्डर दुसऱ्याचा असला तरी. म्हणजे खजिनदारांनी स्वतःच्या आयडीवरून तुमच्या फोल्डरमध्ये पावत्या टाकल्या आणि पुढे कधी त्यांनी तो आयडीच बंद केला तर पावत्याही गेल्या. म्हणून आमच्याकडे नियम एकच, अपलोड फक्त सोसायटीच्या आयडीवरून, बाकीच्यांनी कागद मेलवर पाठवायचा.

१५ जीबी जागा फुकट मिळते, ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो ह्या तिघांत मिळून असते. कागदांना ती भरपूर होते, फक्त गणपतीचे व्हिडिओ आणि सीसीटीव्हीचं फुटेज त्यात टाकू नका, त्याला वेगळी हार्ड डिस्क घ्या. आणि अकाऊंट दोन वर्षं कुणी उघडलंच नाही तर गुगल ते डिलीट करू शकतं, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी लॉगिन होईल असं बघा. टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, मग सेटिंगमध्ये बॅकअप कोड मिळतात, १० कोडचा एक संच असतो, तो प्रिंट करून पाकिटात बंद करून सोसायटीच्या कपाटात ठेवा. सेक्रेटरीचा मोबाईल पाण्यात पडला आणि अख्ख्या सोसायटीचे कागद अडकले असं व्हायला नको.

कॉम्प्युटर उघडायच्या आधी वही घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, खरंच सांगते, बाकी क्लिक करणं दहा मिनिटांचं आहे. बहुतेक लोक फोल्डर पाडताना कागद कुठून आला किंवा कुठल्या वर्षी आला असं बघतात, मग ‘बिल्डरकडून आलेले’, ‘पाटील साहेबांच्या काळातले’, ‘२०१८’, ‘२०१९’ असे फोल्डर तयार होतात, आणि ज्याला पाटील साहेबांचा काळ माहीत नाही त्याला काहीच सापडत नाही. मी उलटं करून बघितलं. वहीत एका बाजूला लिहिलं की गेल्या वर्षभरात माझ्याकडे कोण कोण कागद मागायला आलं, दुसऱ्या बाजूला त्यांनी काय मागितलं. ऑडिटर आले त्यांना एका आर्थिक वर्षाचं सगळं पाहिजे होतं, बँक स्टेटमेंट, व्हाउचर, एफडीच्या पावत्या. लिफ्टवाला आला त्याला लिफ्टचाच इतिहास हवा, वर्ष कुठलंही असो. फ्लॅट विकणारे आले त्यांना एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, आणि शेअर सर्टिफिकेट. वकील आले त्यांना डीम्ड कन्व्हेयन्ससाठी (बिल्डरने जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करून दिली नाही की सरकारकडून ती करून घ्यायची, ते) नोंदणी दाखला, मंजूर नकाशा, प्रॉपर्टी कार्ड, सभासदांच्या अॅग्रीमेंटचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयाचे उतारे. सभासद आले त्यांना मागच्या एजीएमचं, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेचं, इतिवृत्त. एवढं लिहून झालं की फोल्डर आपोआप समोर दिसायला लागतात, कारण मागणारा जसं मागतो तसाच कागद लावलेला असला पाहिजे.

म्हणून वर्षाने लावायचं की विषयाने ह्या वादाला एकच उत्तर नाही. हिशोब वर्षाने लावा कारण ऑडिटर वर्षाने मागतो. इमारतीची कामं वस्तूने लावा, लिफ्टचं लिफ्टमध्ये, पंपाचं पंपात. आणि कन्व्हेयन्स, नोंदणी दाखला, पोटनियम ह्यांना वर्षच नसतं, ते जन्माचे कागद आहेत.

आमचा ढाचा असा आहे:

०० आधी हे वाचा
०१ कायमचे कागद
०२ सभा
०३ हिशोब
०४ फ्लॅट
०५ इमारत
०६ सरकारी पत्रव्यवहार
०७ वकील आणि केस
०८ कोरे फॉर्म
९९ लावायचे बाकी

पुढे आकडे टाकायचे कारण ड्राइव्ह नावाने लावताना मग हाच क्रम ठेवतं, नाहीतर ‘इमारत’ वर आणि ‘हिशोब’ सगळ्यात खाली जातो आणि रोज डोळे शोधत बसतात. आकडा दोन अंकी लिहा, १ न लिहिता ०१, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर १० हा २ च्या आधी येऊन बसणार नाही.

वरच्या पातळीवर दहाच्या पुढे जाऊ नका. आणि खोली तीन पातळ्यांपर्यंत, म्हणजे हिशोब, त्यात २०२३-२४, त्यात बँक, बस. कमिटीतली निम्मी माणसं मोबाईलवर बघतात, चार-पाच वेळा आत आत शिरताना कुठे आलो तेच विसरायला होतं. ज्या फोल्डरमध्ये दोनच फाइल आहेत तो फोल्डर नकोच, त्या फाइल वर आणा.

आता क्लिक करूया

कॉम्प्युटरवर ड्राइव्ह उघडा, डावीकडे वर ‘न्यू’ असं बटण आहे ते दाबा, ‘न्यू फोल्डर’, नाव लिहा, ‘क्रिएट’. आधी एकच फोल्डर बनवा सोसायटीच्या नावाचा, मग त्याच्या आत जाऊन वरचे दहा. आत जाऊन मोकळ्या जागेवर राइट क्लिक केलं तरी न्यू फोल्डर येतो. मोबाईलवर खालचं प्लसचं चिन्ह दाबा आणि फोल्डर निवडा. नाव चुकलं तर राइट क्लिक करून ‘रीनेम’, मोबाईलवर फोल्डरच्या शेजारच्या तीन टिंबांमध्ये. तिथेच फोल्डरला रंग द्यायची सोय आहे, आम्ही फक्त ‘कायमचे कागद’ लाल केलाय, बाकी सगळे साधे, कारण सगळेच रंगवले तर लाल वेगळा दिसणार कसा.

फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात न्यायची तर राइट क्लिक, ‘ऑर्गनाइझ’, मग ‘मूव्ह’. नुसती माऊसने ओढून टाकली तरी जाते, पण ओढताना हात सुटला की ती शेजारच्या फोल्डरमध्ये पडते आणि आपल्याला कळतही नाही. महत्त्वाचे कागद मी मूव्हनेच हलवते.

आता शॉर्टकट, हे नीट समजून घ्या कारण सोसायटीत ह्याची फार गरज लागते. एक कागद दोन ठिकाणी लागतो, उदाहरणार्थ टेरेस वॉटरप्रूफिंगचा ठराव एजीएममध्ये झाला, तर तो सभेत पण पाहिजे आणि इमारतीच्या कामात पण. लोक काय करतात, फाइलची कॉपी काढून दोन्हीकडे ठेवतात, मग वर्षभराने एकीत दुरुस्ती होते आणि दुसरी तशीच राहते, आणि मग भर सभेत दोघांच्या हातात दोन वेगळे ठराव. कॉपी काढू नका. मूळ फाइल एकाच जागी ठेवा, तिच्यावर राइट क्लिक करून ऑर्गनाइझमध्ये ‘अॅड शॉर्टकट’ घ्या आणि दुसरा फोल्डर निवडा. शॉर्टकटच्या चिन्हावर छोटा बाण दिसतो. शॉर्टकट डिलीट केला तर मूळ फाइलला काही होत नाही, पण मूळ फाइल डिलीट केली तर शॉर्टकट नुसता नावाला उरतो. आणि शॉर्टकट दिला म्हणजे बघायची परवानगी दिली असं होत नाही, मूळ फाइलची परवानगी असेल तरच समोरच्याला ती उघडते.

फ्लॅटचे फोल्डर

हा भाग सगळ्यात जास्त लागतो म्हणून जरा सविस्तर सांगते. ०४ च्या आत ‘ए विंग’ आणि ‘बी विंग’, त्यांच्या आत प्रत्येक फ्लॅटचा एक फोल्डर, ‘ए-१०१’, ‘ए-१०२’ असं. फोल्डरला सभासदाचं नाव देऊ नका. फ्लॅट विकला जातो, वारसाकडे जातो, मुलीच्या नावावर होतो, आडनाव तेच असलेले तीन सभासद असतात, पण फ्लॅटचा नंबर कुठे जात नाही. फ्लॅट विकला गेला की त्या फोल्डरमध्ये ‘आधीचे मालक’ म्हणून एक आतला फोल्डर करा (तीन पातळ्यांच्या नियमाला हा एकच अपवाद) आणि जुनं सगळं त्यात सारा. टाकून देऊ नका, जुन्या अॅग्रीमेंटची साखळी कन्व्हेयन्सच्या वेळी विचारतात.

प्रत्येक फ्लॅटमध्ये काय काय यायला हवं तर अॅग्रीमेंट आणि इंडेक्स टू, सभासदत्वाचा अर्ज, शेअर सर्टिफिकेटचा स्कॅन, नॉमिनेशन, पार्किंगचं पत्र, भाडेकरू असेल तर लीव्ह अँड लायसन्स आणि पोलिसांकडे दिलेल्या माहितीची पोच, आणि घरात तोडफोडीचं काम केलं असेल तर त्याची परवानगी. एवढ्याला आत पुन्हा फोल्डर पाडायची गरज नाही, फाइलचं नाव बरोबर असलं की पुरतं.

नॉमिनेशनचं मात्र एक बघा. फॉर्म नुसता घेऊन ठेवला की काम झालं असं नसतं, कमिटीच्या मीटिंगमध्ये त्याची नोंद व्हावी लागते आणि नॉमिनेशन रजिस्टरमध्ये चढवावं लागतं. म्हणून आम्ही नॉमिनेशनच्या फाइलच्या नावातच मीटिंगची तारीख लिहितो आणि त्या मीटिंगच्या इतिवृत्ताचा शॉर्टकट फ्लॅटच्या फोल्डरमध्ये ठेवतो. तो शॉर्टकट दिसत नसेल तर समजायचं की फॉर्म आलाय पण नोंद राहिलीये. हे लावताना आम्हाला असे ११ फ्लॅट सापडले, सगळ्यांची नोंद पुढच्याच मीटिंगमध्ये करून घेतली.

नावं देताना मराठीची एक खास अडचण

फाइलचं नाव आम्ही असं ठेवतो: तारीख, मग कागद काय आहे, मग कशाचा किंवा कुणाचा. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. उदाहरण बघा:

२०२४-०८-२५_एजीएम_इतिवृत्त_सही केलेलं
२०२३-११-०२_लिफ्ट_दुरुस्ती बिल_बी विंग
२०२२-०६-१९_नॉमिनेशन_ए-३०३

वर्ष आधी असलं की फाइल आपोआप जुन्यापासून नव्यापर्यंत रांगेत लागतात. आपण बोलताना दिवस आधी म्हणतो म्हणून हात तसाच वळतो, पण २५-०८-२०२४ असं लिहिलं तर सगळ्या वर्षांच्या २५ तारखा एकत्र येतात, त्याचा काही उपयोग नाही. आणि ती तारीख कागदावरची, स्कॅन केल्याची नाही.

आता मराठीचं. तुम्ही ‘इतिवृत्त’ लिहिलं आणि खजिनदारांनी ‘इतीवृत्त’ लिहिलं तर सर्चला ते दोन वेगळे शब्द आहेत. ‘पावती’ आणि ‘पावति’, ‘नोटीस’ आणि ‘नोटिस’, ‘ठराव’ लिहायचं की ‘रिझोल्यूशन’, ‘मिनिट्स’ की ‘इतिवृत्त’. माणसाला कळतं, मशीनला नाही. आम्ही एकदा बसून वीस-पंचवीस शब्दांची यादीच केली, प्रत्येक गोष्टीला एकच शब्द आणि त्याचं एकच ऱ्हस्व-दीर्घ, आणि ती यादी ‘०० आधी हे वाचा’ मध्ये टाकली. फाइलला नाव देताना यादीतून कॉपी-पेस्ट करायचं, टाइप करायचंच नाही. कुणाचं शुद्धलेखन कच्चं पक्कं हा प्रश्नच त्यामुळे उरला नाही, आणि बी विंगमधले आजोबा, ज्यांना टाइप करायचा धसका होता, तेही आता बिनधास्त नाव देतात.

अंकांचंही तसंच, काहींच्या कीबोर्डवर मराठी अंक येतात काहींच्या इंग्रजी, दोन्ही मिसळले की रांग तुटते, अर्ध्या फाइल वर आणि अर्ध्या खाली. कुठलेही घ्या पण सगळ्यांनी तेच घ्या. तुमची कमिटी इंग्रजीत नावं देणार असेल तर तसं द्या, फक्त आज इंग्रजी उद्या मराठी करू नका.

‘फायनल’ हा शब्द नावात बंद करा. फायनल, फायनल २, फायनल करेक्टेड, ह्यातलं खरं कुठलं ते कुणालाच सांगता येत नाही. कच्चं असेल तर ‘मसुदा’, सह्या झाल्या की ‘सही केलेलं’, बाकी काही नाही. मसुद्याची पीडीएफ बदलली तर नवीन फाइल न टाकता तीन टिंबांमधून ‘मॅनेज व्हर्जन्स’ मध्ये जाऊन नवी आवृत्ती अपलोड करा, नाव आणि लिंक तीच राहते. पण जुनी आवृत्ती तिथे साधारण ३० दिवसच राहते, म्हणून सही झालेल्या कागदावर हे कधी करू नका, तो वेगळी फाइल म्हणूनच ठेवा.

जुना ढीग कसा उपसायचा

सगळे जुने कागद एका रविवारी लावून टाकू असं ठरवू नका, दुपारपर्यंत सगळे कंटाळतात आणि मग पुन्हा मिसलेनियस तयार होतं. आम्ही आधी आजपासून येणारा प्रत्येक कागद नवीन पद्धतीने लावायला सुरुवात केली, मग जुन्यातले कायमचे कागद, मग फ्लॅटचे, रोज दोन फ्लॅट. ४० फ्लॅट तीन आठवड्यांत झाले. सगळ्यात शेवटी हिशोब, तोही मागची काही वर्षं नीट आणि त्याआधीचं एका वर्षाला एक फोल्डर एवढंच.

स्कॅनला मशीन लागत नाही. ड्राइव्हच्या मोबाईल अॅपमध्ये प्लस दाबून ‘स्कॅन’ घ्या, कागद सपाट ठेवा, खिडकीजवळच्या उजेडात, एकामागून एक पानं घ्या आणि पीडीएफ म्हणून सेव्ह करा. एक कागद म्हणजे एक पीडीएफ. पाण्याच्या टाकीचं कोटेशन आणि नॉमिनेशन एका पीडीएफमध्ये, हे कधीही नको. वेगळं स्कॅनिंग अॅप वापरत असाल तरी फाइल पीडीएफ करून ड्राइव्हमध्ये आणा, अॅपच्या आतच ठेवू नका. २०२० मध्ये कॅमस्कॅनरवर बंदी आली तेव्हा ज्यांचं सगळं त्यातच होतं त्यांची काय धावपळ झाली ते मी शेजारच्या सोसायटीत बघितलंय. व्हॉट्सअॅपवर कागदाचा फोटो आला तर तो तसाच टाकू नका, फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक अक्षर वाचता येत नाही, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

ड्राइव्ह छापील पीडीएफच्या आतला मजकूर पण शोधू शकतं, ते फार कामाचं आहे, पण हाताने लिहिलेलं जुनं इतिवृत्त ते वाचेल ह्यावर विसंबू नका. तिथे फाइलच्या नावावरच सगळी भिस्त असते.

‘९९ लावायचे बाकी’ हा फोल्डर कशासाठी, तर घाईत आलेला कागद कुठेतरी चुकीच्या जागी टाकण्यापेक्षा इथे टाका. पण तो दर रविवारी रिकामा झालाच पाहिजे, मी चहा घेताना करते, पंधरा मिनिटं लागतात. आणि हा फोल्डर कुणाशीही शेअर करायचा नाही.

अजून एक, स्कॅन झाला म्हणून मूळ कागद टाकू नका. नोंदणी दाखला, कन्व्हेयन्स डीड, सह्यांचं इतिवृत्ताचं पुस्तक, आय रजिस्टर (सभासदांची नोंदवही), जे रजिस्टर (सभासदांची यादी) हे कागदावर जपावंच लागतं. आम्ही कपाटातल्या फायलींवर पण तेच नंबर चिकटवले, ०१, ०२, ०३. ड्राइव्हमध्ये ०५ मध्ये दिसलं तर कपाटातही ०५ च्या बॉक्समध्ये.

कुणाला काय दिसावं

ड्राइव्हमध्ये वरच्या फोल्डरची परवानगी आतल्या सगळ्याला लागते. म्हणून सोसायटीचा मुख्य फोल्डर कुणाशीही शेअर करू नका, आतले फोल्डर एकेक करून शेअर करा. फोल्डरवर राइट क्लिक, ‘शेअर’, समोरच्याचा मेल टाका आणि शेजारी ‘व्ह्यूअर’ निवडा. व्ह्यूअर फक्त बघतो, कमेंटर शेरा लिहितो, एडिटर बदलतो आणि फाइल फोल्डरमधून काढूही शकतो. आमच्याकडे एडिटर कोणीच नाही, कमिटी पण व्ह्यूअर. सुरुवातीला दोघांना ते लागलं, आमच्यावर विश्वास नाही का म्हणाले, मग मी दाखवलं की मोबाईलवर नुसतं बोट लागलं तरी फाइल कशी हलते, तेव्हा पटलं.

०४ फ्लॅट मध्ये आधार, पॅन, अॅग्रीमेंट असतं, ते फक्त सेक्रेटरी आणि चेअरमन. लोकांनी विश्वासाने दिलेले कागद आहेत ते. इथे ‘एनीवन विथ द लिंक’ हे कधीही चालू करू नका, कायम ‘रिस्ट्रिक्टेड’. ती लिंक एकदा व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेली की मग ती कुठे कुठे फिरते त्याला आपला काही ताबा राहत नाही. ‘०८ कोरे फॉर्म’ ची लिंक मात्र खुशाल सगळ्यांना द्या, ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्येच टाकून ठेवा, नॉमिनेशनचा फॉर्म आणि एनओसीचा अर्ज मागणारे फोन निम्म्यावर येतात.

सभासदांना सभेचे कागद आणि ताळेबंद द्यायला काचकूच करू नका. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे पोटनियम, शेवटचा ऑडिट झालेला ताळेबंद, सभासदांची नोंदवही, सर्वसाधारण सभेचं आणि कमिटीचं इतिवृत्त आणि स्वतःच्या व्यवहाराची नोंद बघायचा हक्क सभासदाला आहेच. म्हणून ०२ मधला एजीएमचा फोल्डर सगळ्या ४० फ्लॅटना व्ह्यूअर म्हणून दिलाय. एजीएम ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि नोटीस १४ दिवस आधी, तर नोटीसचा मसुदा लिहायला घेतला की त्याच दिवशी त्या वर्षाचा फोल्डर पाडायचा, मग नोटीस, अहवाल, हजेरीपट, इतिवृत्त सगळं त्यातच पडत जातं. सभेत लोक मोबाईलवर ताळेबंद उघडून बसतात आणि प्रश्न नेमके विचारतात, मला ते फार आवडतं.

एक सावधगिरी, शेअर केलेल्या फोल्डरमध्ये बाहेरची फाइल हलवली की तिला त्या फोल्डरची परवानगी लागते. म्हणून मूव्ह करण्याआधी कुठे टाकतोय ते दोनदा वाचा.

शोधणं, चुकणं आणि जपणं

सर्चच्या पट्टीत उजवीकडे फिल्टरचं चिन्ह असतं, तिथे फाइलचा प्रकार, तारीख आणि कुठल्या फोल्डरमध्ये शोधायचं ते निवडता येतं. नुसतं ‘लिफ्ट’ टाकलं तर शंभर फाइल येतील, ०५ मध्ये जाऊन पीडीएफ आणि लिफ्ट टाकलं तर नेमकं येतं.

चुकून डिलीट झालं तर घाबरू नका, ट्रॅशमध्ये जा आणि ‘रिस्टोअर’ करा. पण ट्रॅश ३० दिवसांनी आपोआप रिकामा होतो, म्हणून महिन्यातून एकदा तिथे डोकवायची सवय ठेवा. आणि वर्षातून दोनदा, आम्ही मार्च संपल्यावर आणि एजीएम झाल्यावर, सगळा फोल्डर डाउनलोड करून बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतो. ती डिस्क चेअरमनकडे, सेक्रेटरीकडे नाही, म्हणजे एका घरात काही झालं तरी दुसरीकडे असतं.

स्ट्रक्चरल ऑडिटच्या, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीच्या, रिपोर्टला मी स्टार दिलाय. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा आणि ३० च्या पुढे तीन वर्षांतून एकदा ते करावं लागतं, आमची २६ वर्षांची आहे, मागची तारीख डोळ्यासमोर असली की पुढची चुकत नाही. तसंच लिफ्टची तपासणी, फायरची यंत्रणा आणि विमा, ह्यांच्या फाइलच्या नावात ‘मुदत’ लिहून संपायची तारीख टाकतो.

चार्ज देताना

कमिटी पाच वर्षांनी बदलते, कधी त्याच्या आधीच कुणी फ्लॅट विकून जातं. ‘०० आधी हे वाचा’ मध्ये एकच दोन पानी डॉक ठेवा, त्यात कुठला फोल्डर कशासाठी, शब्दांची यादी, कुणाला कशाची परवानगी आहे आणि बॅकअपची डिस्क कुणाकडे आहे एवढं. पासवर्ड त्यात लिहू नका, तो पाकिटात.

नवीन सेक्रेटरीला शेजारी बसवा आणि आपण माऊसला हात लावू नका. त्यांना पाच कागद शोधायला सांगा: सोसायटीचा नोंदणी दाखला, मागच्या एजीएमचं इतिवृत्त, बी विंगच्या लिफ्टचं शेवटचं बिल, चालू वर्षाची विम्याची पॉलिसी आणि कुठल्याही एका फ्लॅटचं नॉमिनेशन. प्रत्येकाला दोन मिनिटं. जो सापडत नाही त्याची जागा किंवा नाव चुकलंय असं धरा आणि तिथल्या तिथे बदला, त्यांना जिथे शोधावंसं वाटलं तिथेच तो ठेवा. मग पासवर्ड त्यांना बदलू द्या, रिकव्हरीचा मोबाईल नंबर आणि मेल त्यांचा टाका, जुने बॅकअप कोड रद्द करून नवीन प्रिंट काढा, सगळ्या जुन्या मोबाईलवरून साइन आउट करा, आणि शेवटी तुमच्या खासगी आयडीला दिलेल्या परवानग्या एकेक फोल्डर उघडून त्यांच्याच हाताने काढून टाका. तुमच्या फ्लॅटचा फोल्डरही त्यात आलाच.